अकरा पेट्यांची बंगई

पडलेलं झाड तोडायलाही परवानगी लागते, हे मला एम.एस्सी. होईपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं. वनस्पतिशास्त्रात झाडाचं बाकी सगळं होतं. मुळातलं पाणी शेंड्यापर्यंत कसं चढतं, वर्षाला एक वलय कसं पडतं, खोडाचा कोणता भाग जिवंत आणि कोणता मेलेला. पण मेलेल्या झाडाचं पालकत्व कोणाकडे, हा प्रश्न कधी पेपरात आला नाही. तो मला शहाऐंशी सालच्या जुलैमध्ये एका कचेरीत तोंडी परीक्षेसारखा विचारला गेला, आणि मी नापास झाले.

झाड आंब्याचं होतं. लोधीखेड्याला आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, विहिरीजवळ. जूनच्या पहिल्या वादळात ते आडवं झालं. ही बातमी घेऊन गावातला चुलत पुतण्या पांढुर्ण्याला आला तेव्हा माझ्या सासूबाई, म्हणजे मनकर्णाबाई, आमच्या ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. फेब्रुवारीत डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या आमच्याकडे आल्या, ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी सुटली, चष्मा आला, तरी त्यांचं गाठोडं काही सुटलं नाही. खोलीच्या कोपऱ्यात ते बांधलेलंच असायचं. लागेल ते लुगडं त्या वरच्या वर ओढून काढायच्या आणि धुतलेलं पुन्हा तसंच आत कोंबायच्या. बांधलं होतं अंबाडीच्या जाड दोराने. नागपंचमीला त्याच आंब्याला झोका बांधायचा तो दोर.

आंबा पडला हे ऐकून त्या रडल्या नाहीत.

"कोन्या अंगाले पडला?" एवढंच विचारलं.

"विहिरीकडं, आजी."

"मंग शिस्तीत पडला. वावराले धक्का नाई." त्यांनी ताटातला एक खडा उचलून बाहेर फेकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याची बंगई करजो."

बंगई म्हणजे घरातला झोपाळा. आमच्या भाड्याच्या घराच्या ओसरीत, वरच्या तुळईला आधीच्या भाडेकरूने ठोकलेल्या चार कड्या होत्या. त्या कड्यांकडे आत्याबाई चार महिने बघत होत्या हे माझ्या लक्षात तेव्हा आलं.

"बंगई झाली तर राहाल का इथे?" मी विचारलं. प्रश्न मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारला.

"संक्रांतीवरी पाहीन. झाली तं राहीन. नाई तं तिळगूळ खाऊन लोधीखेड्याची मोटर धरीन. तिथं एकटी काय, इथं एकटी काय. तुम्ही दोघं तं दिवसभर बाहेर."

आता इथे एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचा सगळा खटाटोप समजेल. मी पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. हेमंत, म्हणजे आमचे हे, पोस्टात. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण संध्याकाळी घरी आल्यावर "आज काय शिकोलं?" असं मला विचारणारी पहिली व्यक्ती आत्याबाई. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. मी परासरण समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हंजे मिठात टाकलेली कैरी." माझ्या नववीच्या मुलींना हे समजायला दोन तास लागले होते. अशा श्रोत्याला संक्रांतीच्या मोटरीत बसवून द्यायची माझी तयारी नव्हती. हे मी कोणाजवळही बोलले नाही. मी फक्त एक नवी वही काढली आणि तिच्यावर लिहिलं: 'बंगई'.

वहीच्या पहिल्या पानावर कचेरी आहे.

आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत हिंदी; अर्ज हिंदीत होता. त्यात एक रकाना होता, 'वृक्ष काटने का कारण'. मी प्रामाणिकपणे लिहिलं की वृक्ष आधीच पडला आहे. बाबूंनी चष्मा वर केला.

"मॅडम, पडलं हाय म्हनता, मंग काटायची परमिशन कायले मांगून राहिल्या?"

"तोडल्याशिवाय नेता येणार नाही म्हणून."

"पर हा फारम उभ्या झाडाचा हाय. पडल्या झाडाचा फारमच नाई आपल्याकडं." ते खरोखर अडचणीत पडले होते. माणूस वाईट नव्हता. थोडा विचार करून म्हणाले, "उभं असतं तं आठ दिवसांत देल्ली असती. आता कसं करता?"

झाड परत उभं करण्याची सोय माझ्याकडे नव्हती. मग असं ठरलं की पटवारी जाऊन पंचनामा करतील. पंचनाम्याला झाड पडताना पाहिलेले साक्षीदार हवे होते. वादळात शेतात फक्त आमचा बैल होता. शेवटी चार शेजाऱ्यांनी आपण वादळ पाहिलं असून झाड त्यानंतर पडलेलं दिसलं, अशी सही केली. विज्ञानाच्या दृष्टीने याला पुरावा म्हणत नाहीत, पण मी वाद घातला नाही.

पुढचा रकाना लाकूड किती. मी खोडाचा घेर तीन ठिकाणी मोजून, सरासरी काढून, आकारमान ०.६१ घनमीटर लिहिलं होतं. बाबूंनी ते बराच वेळ बघितलं, खोडलं, आणि वर लिहिलं, 'अंदाजन एक पेड़'.

परवानगी हाती आली तेव्हा दसरा झाला होता.

या चार महिन्यांत मी स्वस्थ बसले नव्हते. ओल्या लाकडाची दोन्ही तोंडं उघडी राहिली तर पाणी तिथून भराभर उडतं आणि खोड टोकांपासून तडकतं. म्हणून पुतण्याला सांगून ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना गेरू आणि अळशीच्या तेलाचा जाड लेप दिला. साल काढलेल्या एका बाजूवर निळ्या ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'बंगई. मधला भाग. कापू नये.' एक तुकडा शाळेत आणून प्रयोगशाळेच्या भट्टीत वाळवला, आधी-नंतर वजन केलं. ओलावा अडुसष्ट टक्के. बंगईला हवा बारा.

इथे माझी झोप उडाली. दोन इंच जाडीची फळी सावलीत वाळायला साधारण दोन वर्षं लागतात. इंचाला वर्ष. संक्रांत तीन महिन्यांवर. ओली फळी टांगली तर ती वाळता वाळता वाकणार, पिळणार, आणि एखाद्या दुपारी आत्याबाईंना घेऊन उघडणार. हे गणित घरात मला एकटीला माहीत होतं.

एकटीला म्हणजे, शेजारचे नत्थूजी सोडून. नत्थूजी रेल्वेत रुळांवरचे मुकादम होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या लाकडाचा शेवट एकच, रुळांखालचा स्लीपर.

"सूनबाई, तुम्ही फालतू टेन्शन घेऊन राहिल्या," ते कुंपणावरून म्हणाले. "तेलात बुडवा. जळकं तेल. आपला स्लीपर पंधरा वर्सं पावसात पडते, काई होत नाई."

"पण काका, बंगईवर माणूस बसायचं आहे. लुगड्याला तेल लागेल."

"स्लीपरवरून पूरी जी.टी. एक्स्प्रेस जाते, तिले काई होत नाई. आन् वहिनीले होईन?"

त्यांच्या पत्नी केसरबाई आतून म्हणाल्या, "त्याइचं नोको ऐकू वो. शेणाच्या खड्ड्यात गाड, पंधरा दिवसांत वाळते." शेणात पुरलेलं लाकूड वाळतं कसं, हे मी विचारलं नाही. दोन्ही सल्ले वहीत लिहून घेतले, तारखेसह. वहीत मी सगळंच लिहिते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ओंडका लोधीखेड्याहून ट्रॅक्टरवर निघाला. सौसरला यशवंतरावांची लाकूड चिरायची आरा मशीन होती, तिथे तो दहाला पोचायचा होता. मी पांढुर्ण्याहून मोटरीने येऊन साडेनऊपासून गेटवर उभी. साडेबारापर्यंत ट्रॅक्टर नाही. वाहतुकीच्या पासाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

दीडला ट्रॅक्टर आला, उलट्या बाजूने.

"शनवार हाय ना वैनी," ड्रायव्हर म्हणाला. "समोरून जाऊन जामसांवलीचं दर्शन नाई घ्याचं म्हंजे..." आणि ट्रॉलीतली जागा रिकामी कशाला न्यायची म्हणून रस्त्यात उभे असलेले बारा भक्तही त्याने घेतले होते. ते सगळे माझ्या ओंडक्यावर बसून मारुतीला जाऊन आले. जाताना त्यांनी ओंडक्यावर नारळ फोडले होते आणि परतताना कोणीतरी त्याला शेंदूर लावला होता. जामसांवलीचा मारुती आडवा निजलेला आहे. माझा ओंडकाही आडवाच. भक्तांनी एवढंच साम्य पाहिलं असावं.

यशवंतरावांना मी आराखडा दिला. आलेखाच्या कागदावर, एकास दहा या प्रमाणात, तीन बाजूंनी. लांबी १५२४ मिलिमीटर, रुंदी ६१०, जाडी ५१.

"मिलिमिटर?" त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "बाई, आमच्याकडं इंच-सूत चालते. पाच फूट, दोन फूट, दोन इंच. असं म्हना ना."

"तेच आहे."

"मंग येवढं चित्र कायले काढलं?" पण चित्र त्यांना आवडलं असावं. त्यांनी ते गणपतीच्या कॅलेंडरखाली खिळ्याला टोचून ठेवलं. "मंगळवारी या. आता सीझन हाय. रातदिवस संत्र्याच्या पेटीच्या फया काढून राहिलो."

मंगळवारी शाळेत तपासणी होती. मी शुक्रवारी गेले.

आराखडा खिळ्यालाच होता. ओंडका नव्हता. ज्या जागी तो होता तिथे भुशाचा ढीग होता, ताजा, पिवळसर, आणि त्याला कैरीच्या देठासारखा वास येत होता.

यशवंतराव आधी मला ओळखेनात. मग ओळखलं आणि चहा मागवला. चहा मागवला की समजावं.

"बाई, मी नव्हतो. सावनेरले गेल्तो. मानसानं पायलं, आंब्याचा ओंडका, तोंडाले गेरू. चिरून टाकला."

"गेरूचा काय संबंध?"

"आता तुम्हीच सांगा बाप्पा," ते कळवळून म्हणाले. "आमच्याकडं व्यापारी लोक आपला माल ओळखू यावा म्हनून तोंडाले गेरू मारते. गेरू म्हंजे पेटीचा माल. हे सौसरच्या लहान पोराले ठाऊक हाय. तुम्ही कायले मारला?"

मी पाणी उडू नये म्हणून मारला होता. पुस्तकात तसंच लिहिलं आहे. पुस्तक लिहिणाऱ्याला सौसरचा संत्र्याचा हंगाम माहीत नसावा.

"पण त्यावर 'कापू नये' लिहिलं होतं," मी म्हटलं.

"तो मराठीचं नाई वाचत," यशवंतराव म्हणाले. मग खरं बोलायचं ठरवून म्हणाले, "हिंदीचंबी नाई वाचत."

अर्धा इंच जाड, तीन इंच रुंद, बावीस इंच लांब. सगळं झाड त्या मापात गेलं होतं. फळ्यांच्या मोळ्या पांढुर्ण्याला रघुनाथराव नावाच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे रवाना झाल्या होत्या. यशवंतरावांनी भरपाई म्हणून सागाची तयार फळी देऊ केली. फळी चांगली होती, वाळलेली होती. पण त्या सागाखाली कोणी नागपंचमीला झोके घेतले नव्हते. मी नको म्हटलं आणि भुशाची चार पोती मात्र मागून घेतली. घरी भुशाची शेगडी आहे. ओंडक्याचा पाचवा हिस्सा भुसाच होतो. म्हटलं, निदान हा हिस्सा तरी आपला.

संध्याकाळी पोत्यांसह मी पांढुर्ण्याला उतरले आणि घरी न जाता तशीच रघुनाथरावांच्या आवारात गेले. ते आवार स्टेशनला लागून. पेट्यांच्या थप्प्या मालधक्क्यापर्यंत लागलेल्या, माणसं तणसावर संत्री रचून झाकणाला खिळे मारत होती. मी थप्प्यांमधून एकेक पेटी वाचत निघाले. लोक काम थांबवून बघायला लागले. साडी नेसलेली, हातात वही असलेली बाई पेट्यांना नाक लावते आहे, म्हणजे सरकारी खात्याची असणार असं वाटून एकाने मला खुर्ची आणून दिली.

बहुतेक पेट्या सालईच्या लाकडाच्या होत्या. आंब्याच्या लाकडात गाभ्याकडे काळसर रेघ असते, ती शोधत होते. मग एका पेटीच्या कडेवर निळ्या रंगात 'बंग' दिसलं. तिच्या खालच्या पेटीवर 'नये'. तिसऱ्या पेटीवर शेंदराचा ओघळ.

मोजल्या. अकरा.

"अठ्ठेचाळीस झाल्त्या तुमच्या लाकडाच्या," रघुनाथराव म्हणाले. ते पांढऱ्या टोपीतले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. "सदतीस काल गेल्या, दिल्लीले."

"मला या अकरा हव्यात."

"घ्या ना. पर भरल्या हायेत."

"रिकाम्या करून द्या."

"बाई, हे बांधलेलं फळ हाय. उघडलं का भाव गेला. पेटी पायजे असंन तं संत्र्यासकट घ्या लागते."

मी संत्र्यासकट घेतल्या. काय भावाने, ते इथे लिहीत नाही. हेमंत ही गोष्ट वाचणार आहेत.

दोन हातगाड्या घरी पोचल्या तेव्हा ओसरीत हेमंत, नत्थूजी आणि केसरबाई उभे होते. आत्याबाई खाटेवर. मी सकाळी बंगईची फळी आणायला गेले होते, आणि आता चार पोती भुसा आणि अकरा पेट्या संत्री घेऊन आले होते. माझ्यासारख्या मोजूनमापून वागणाऱ्या बाईच्या आयुष्यात असे प्रसंग फार नसतात. मी सरळ उभी राहून, जे झालं ते क्रमाने सांगितलं. नत्थूजी फक्त एकदा म्हणाले, "स्लीपर केला असता तं हे झालं नसतं."

आत्याबाई उठल्या. एका पेटीवरून हात फिरवला. चष्मा नाकावर खाली ओढून शेंदूर पाहिला.

"बाकीचा कुठं हाय?"

"दिल्लीला गेला, आत्याबाई."

त्या खोलीच्या दाराकडे वळल्या. मला वाटलं, आता गाठोडं उचलतील.

"माय वो," त्या म्हणाल्या. "म्या अजून नागपूरच्या पुढं नाई गेली. आन् आंबा दिल्लीले गेला." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसत होत्या. ऑपरेशनचा डोळा होता, म्हणून मी खात्रीने काही सांगू शकत नाही.

त्यानंतरचे आठ दिवस संत्र्यांचे. तेराशेच्या वर फळ होतं. आत्याबाईंनी ओसरीत बैठक मारली आणि हाताने चाचपून वाटण्या केल्या. हे आज खायचं, हे चार दिवसांनी, हे पोराबाळांच्या घरी, हे आंबट, गल्लीतल्या मास्तरांच्या घरी. गल्लीतल्या बाया सालं सोलत बसायला लागल्या, वाटीभर काहीतरी घेऊन यायच्या आणि पदरात संत्री घेऊन जायच्या. सालं वाळवून भुशाच्या शेगडीत गेली, पूर्ण घराला वास. एक दिवस मी शाळेतून आले तर ओसरीत सात बाया आणि मधोमध आत्याबाई, परासरण समजावून सांगत होत्या. कैरीचं उदाहरण होतंच.

रिकाम्या पेट्या नत्थूजींनी उघडल्या. एकेक खिळा काढून, दगडावर ठोकून सरळ करून, डब्यात मोजून. "गव्हर्मेंटचा माल असो का पर्सनल, खिळा वाया जाऊ द्याचा नाई." पेटीला चौदा फळ्या याप्रमाणे एकशे चोपन्न. फुटल्या वीस. राहिल्या एकशे चौतीस.

आता त्या फळ्यांचा ढीग बघत असताना मला जे सुचलं, ते खरं म्हणजे चार महिन्यांपूर्वी सुचायला हवं होतं. अर्ध्या इंचाच्या फळीला वाळायला दोन वर्षं लागत नाहीत. महिना-दीड महिना पुरतो. आणि अशा वाळलेल्या फळ्या आडव्या न ठेवता उभ्या, कपाटात पुस्तकं लावतो तशा खेटून, विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून चिकटवल्या, तर होणारी फळी अखंड फळीपेक्षा कमी वाकते. एक पिळली तर शेजारची धरून ठेवते. हिशेब केला. शेजारी शेजारी अठ्ठेचाळीस ओळी, एकशे एकतीस तुकडे. तीन उरत होत्या.

म्हणजे माझा ओंडका चुकीने चिरला गेला नसता, तर संक्रांतीला बंगई होणं शक्यच नव्हतं. हे मी यशवंतरावांना अजून कळवलेलं नाही.

फळ्या गच्चीवर सावलीत, मध्ये काड्या घालून रचल्या. दर रविवारी सहा फळ्यांचं वजन किराणा दुकानातल्या तराजूवर. दुकानदाराला वाटायचं, बाईंचं डोकं थकलं. बारा जानेवारीला ओलावा साडेअकरा टक्के आला. त्याच दिवशी मोतीराम वाढई, म्हणजे सुतार, आला. उंच, वाळलेला, बोलायला कंजूस. आदल्या आठवड्यात येऊन त्याने सगळ्या फळ्या दोन इंचांच्या उंचीवर रंधून ठेवल्या होत्याच. ओसरीत सतरंजीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली. पांढऱ्या फेविकॉलचा डबा उघडला. मी, हेमंत, नत्थूजी आणि मोतीराम, चौघं फळ्यांना डिंक फासायला बसलो. आत्याबाई खाटेवरून बघत होत्या.

"बाई, जल्दी करा, पंधरा मिन्टं हाय," मोतीराम म्हणाला. "मंग हे पकडते."

अठ्ठेचाळीस ओळी लागल्या. आता दाबायचं. मोतीरामने पिशवीतून आवळायचे शिकंजे काढले. दोन.

"दोनच?" मी विचारलं.

"दरवाजाले दोन लागते."

दोन्ही टोकांना दोन लावले, तसा मधला भाग फुगला. ओल्या डिंकावर फळ्या माशासारख्या सरकत होत्या. हेमंतांनी दोन्ही हातांनी मधोमध दाबून धरलं. नत्थूजींनी वाळत घालायची नायलॉनची दोरी तोडून आणली, गुंडाळली, आवळली, ती तुटली. "रेल्वेत असतं तं..." एवढं बोलून ते थांबले. त्यांनाही वेळेचं भान होतं. मी घड्याळ बघत होते. अकरा मिनिटं झाली होती. एकशे एकतीस तुकडे आत्ता चुकीच्या जागी चिकटले असते तर दुसरे आणायला दिल्लीला जावं लागलं असतं.

आत्याबाई खाटेवर नव्हत्या. आतून आल्या तेव्हा त्यांच्या हातात अंबाडीचा दोर होता.

"सरका," त्या म्हणाल्या.

हेमंतांना बाजूला करून त्यांनी दोर फळीखालून घातला, वर घेतला, चार वेढे दिले, गाठ मारली. कडब्याची गाडी आवळतात तशी. मग मला म्हणाल्या, "लाटनं आन." लाटणं वेढ्यांत खुपसून त्यांनी पिळायला सुरुवात केली. दोर करकरला. फळ्या एकमेकींत शिरल्या, सांध्यांतून पांढरा डिंक बाहेर आला. मोतीराम पहिल्यांदाच आपणहून काही बोलला: "आजी, पयले सांगतलं असतं."

"तुनं इचारलं कुठं?"

मोतीरामने हात पुसले आणि माझ्याकडे वळला. "बाई, दोराखाली पेपर सरकवा लवकर. नाई तं दोर चिकटून जाईन, सुटाचा नाई."

"हो," मी म्हटलं.

वर्तमानपत्र माझ्या हातातच होतं.

दुसऱ्या दिवशी, भोगीला, शिकंजे निघाले, लाटणं निघालं. बंगई एकसंध, ठोकली तर भांड्यासारखी वाजणारी. दोर निघेना. मोतीरामने ओढला, नत्थूजींनी ओढला, मग दोघांनी मिळून. वेढे डिंकात बुडून दगड झाले होते.

"कापावा लागेल," हेमंत म्हणाले.

"कापू नोको रे बाप्पा!" आत्याबाई ओरडल्या. "माह्या आंब्याचा दोर हाय तो. राहू दे. वरतून गादी टाकली का टोचत नाई." मग आत गेल्या. मी पाठोपाठ गेले. गाठोडं माझ्या खाटेवर उलगडलेलं होतं. दोन लुगडी, एक पितळी डबी, ऑपरेशनचा कागद. एवढंच. अकरा महिने त्या एवढ्यावर निघायच्या तयारीत होत्या.

"आता हे कायनं बांधू?" त्यांनी मला विचारलं.

कपाटातला दुसरा खण मी दसऱ्यापासून रिकामा ठेवला होता. त्याचं दार उघडलं आणि बाजूला झाले. त्यांनी खणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लुगडी आत ठेवली. डबी त्यांच्यावर.

मोतीरामने खालून दोन लोखंडी पट्ट्या मारल्या. संक्रांतीला सकाळी बंगई कड्यांना टांगली. पहिले नत्थूजी बसले, चाचणी म्हणून. उरलेल्या तीन फळ्यांचा मी पाट करून घेतला, तो केसरबाईंना दिला.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या शाळेच्या दिवशी मी घरी आले तेव्हा आत्याबाई बंगईवर बसून वाल सोलत होत्या. एक पाय जमिनीवर, अंगठ्याने हलका झोका देत. मी चपला काढल्या.

"आज काय शिकोलं?"

"आसंजन," मी म्हटलं. "दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना धरून राहतात, त्याला म्हणतात."

त्यांनी एक शेंग सोलली. दाणे वाटीत टाकले. दुसरी घेतली.

"आन् ते पेपर?" त्या म्हणाल्या. "हातातच धरून होती तू. सरकवलं नाई."

मी पदर सारखा केला. वहीत त्या दिवशीची सगळी नोंद आहे, वजन, वेळ, डिंक किती लागला, सगळं. फक्त ही एक गोष्ट नाही.

"तुम्हाला दिसलं?"

"डॉक्टरनं डोया चांगला केला हाय माह्या," आत्याबाई म्हणाल्या, आणि बंगईवर सरकून माझ्यासाठी जागा केली.